आजार आजीचा, नंबर नातवाचा

पत्राचा सारांश

पत्र लिहिणाऱ्या वाचक भगिनी संगणक अभियंता आहेत. पुण्यातील नोकरी सोडून त्या तीन वर्षांपूर्वी कोल्हापुरात सासरी आल्या आणि एका जुन्या पेठेत असलेल्या सासऱ्यांच्या दवाखान्याची व्यवस्था त्यांनी हाती घेतली. वर्षानुवर्षे वह्यांवर चाललेला कारभार त्यांनी दीड वर्षापूर्वी मोबाइल ॲपवर आणला. आता नंबर ॲपवरूनच लावायचा असतो, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर जातो आणि पुढच्या तपासणीची आठवण संदेशाने दिली जाते. रविवारी फारशी नोंदणी होत नाही असे दिसल्यावर रविवार सकाळचा दवाखाना बंद करण्यात आला. गर्दी ओसरली, रुग्णांचा थांबण्याचा वेळ घटला, सासरे रात्री वेळेवर जेवू लागले. मात्र पंचवीस वर्षे तेथे काम करणारे कंपाउंडर मामा एके दिवशी म्हणाले, "वहिनी, बाकड्यावरची माणसं बदलल्यात बघा. खेड्याकडची म्हातारीकोतारी कुठं दिसंनात." सासऱ्यांनाही तसेच वाटते. पतीचे म्हणणे, "आज फोन कोणाकडे नाही?" याच सुमारास एक नवे सॉफ्टवेअर घेण्याचा विचार चालू आहे. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांपैकी कोणाला आधी फोन करून बोलवावे, याची यादी ते आधीच्या भेटी आणि तपासण्या पाहून स्वतःच तयार करते. वाचक विचारतात, "मी सर्वांना एकच नियम लावला, मग त्यात अन्याय कोठे झाला? ॲप बंद करावे, की लोक हळूहळू शिकतील म्हणून धीर धरावा?"

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा मामांच्या वाक्यापाशी थांबलो. थांबण्याचा वेळ, रोजची नोंदणी, नंबर लावूनही न आलेल्यांची संख्या, हे सारे तुमच्या पडद्यावर दिसते. पण ज्याने नंबर लावलाच नाही, त्याची ओळ त्या पडद्यावर कधीच उमटत नाही. पंचवीस वर्षे त्याच बाकड्याकडे पाहणाऱ्या माणसाला मात्र ती रिकामी जागा दिसली, आणि त्यांचे म्हणणे जुन्या वळणाच्या माणसाची कुरकुर म्हणून तुम्ही झटकून टाकले नाही. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथेच आहे, असे मला वाटते.

आधी तुमच्या पतीच्या प्रश्नाकडे वळू, कारण तो बहुतेक सर्वांच्याच मनात असतो. फोन आज जवळजवळ प्रत्येक घरात आहे, हे खरे. पण घरात फोन असणे आणि आजारी माणसाच्या हातात फोन असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी ५३.९ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के होत्या, तर पुरुष ५७.१ टक्के. त्यानंतर हे प्रमाण वाढलेले असणार. परंतु हे आकडे वयाच्या ४९ व्या वर्षी थांबतात, आणि तुमच्या दवाखान्यातले मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे रुग्ण बहुतांशी त्या वयानंतरच सुरू होतात.

मागच्या पावसाळ्यात मी एका तपासणी केंद्रात बसलो होतो. माझ्या शेजारी पन्हाळ्याकडून आलेल्या, सत्तरीच्या आसपासच्या एक आजी होत्या. काउंटरवरच्या मुलीने मोबाइल नंबर विचारला तेव्हा त्यांनी पदराची गाठ सोडून चार घड्या घातलेली चिठ्ठी काढली. घामाने शाई पसरून त्यातला एक आकडा तीन आहे की आठ, हे कळेनासे झाले होते. तो नंबर नातवाचा होता. नातू गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला, पाळीवर असताना फोन बाहेर ठेवावा लागतो. मुलीने दोन्ही आकडे लावून पाहिले, एक लागला, कोणी उचलला नाही, तरी तिने तोच नोंदवला आणि "रिपोर्ट फोनवर येईल, आजी" असे सांगून पुढच्या माणसाला हाक मारली. आजी आणखी अर्धा तास तिथेच बसून राहिल्या. कागद मिळाल्याशिवाय तपासणी पूर्ण होते, हेच त्यांना पटत नव्हते. शेवटी मी विनंती केल्यावर छापील प्रत मिळाली. काउंटरवरची मुलगी वाईट वागली असे मी म्हणणार नाही. तिच्यासमोरच्या चौकटीत दहा आकडे भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते, आणि ते दहा आकडे कोणाचे आहेत हे विचारणारी चौकट मुळात नव्हतीच.

तुमच्या ॲपमध्ये ती आहे का, हे तपासा. तुमच्याकडे "रुग्णाचा नंबर" म्हणून नोंदलेल्या आकड्यांत किती नातवांचे, किती शेजारच्या दुकानदाराचे आणि किती बंद पडलेले आहेत, हे कदाचित कोणालाच माहीत नसेल. रिचार्ज परवडले नाही की नंबर बंद होतो, नवे सिम घेतले की ओटीपी जुन्या नंबरावर जात राहतो. ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून येणारी कुटुंबे हंगाम संपला की परततात, त्यांचा पत्ताही बदलतो आणि अनेकदा नंबरही. शिवाय रिपोर्ट दुसऱ्याच्या फोनवर जाण्यात आणखी एक गोष्ट आहे, जी आपण फार सहज नजरेआड करतो. क्षयरोगाचे निदान, गर्भाची चाचणी, गर्भाशयाची तक्रार, दारूने बिघडलेले यकृत, हे ज्याला सर्वांत आधी कळायला हवे त्याच्याआधी ते पुतण्याला, दिराला किंवा दुकानदाराला कळते. सुशिक्षित घरातल्या माणसाचा रिपोर्ट त्याच्या स्वतःच्या फोनवर, त्याच्या बोटाच्या ठशामागे सुरक्षित असतो. गरिबाच्या आजाराची मात्र वाडीभर चर्चा होते.

आता एकच नियम आणि न्याय यांविषयी. तुमचा हेतू स्वच्छ होता, यात मला शंका नाही. ओळखीच्या माणसाला आधी आत सोडण्याची जुनी रीत तुम्हाला मोडायची होती. पण नियम एक असला तरी तो पाळण्याची किंमत प्रत्येकाला वेगळी पडते. रुईकर कॉलनीत राहणाऱ्या बँक कर्मचाऱ्याला ॲपवरून नंबर लावायला दोन मिनिटे लागतात. राधानगरीच्या वरच्या अंगाला असलेल्या एखाद्या वाडीतल्या बाईंना त्यासाठी शेजारच्या मुलाची मनधरणी करावी लागते, त्याने रेंज मिळेल अशा चढावर जावे लागते, आणि मिळालेली वेळ सकाळी साडेनऊची असेल तर त्या वेळेत पोहोचणारी एस.टी. आहे की नाही, हे ॲपला ठाऊक नसते. उशीर झाला की नंबर आपोआप रद्द होतो. तुमच्या हिशेबात त्या बाई "वेळ घेऊन न आलेल्या" ठरतात, बेफिकीर ठरतात.

हे आपण सर्वांनी मिळून एकदा पाहिलेले आहे. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाचे कोविड लसीकरण सुरू झाले तेव्हा कोविनवर ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती, आणि ते संकेतस्थळ त्या वेळी इंग्रजीत होते. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी शहरातली माणसे गाडी काढून खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर लस घेऊन आली आणि त्याच गावातले लोक दारात उभे राहून पाहत राहिले. नियम सर्वांना एकच होता आणि लसही फुकट होती. त्या महिन्याच्या २४ तारखेला सरकारी केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीची मुभा देण्यात आली आणि ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या आदेशात केवळ डिजिटल नोंदणीवर विसंबणाऱ्या या धोरणावर स्पष्ट प्रश्नचिन्ह लावले. डिजिटल भारताचे एवढे मोठे काम कौतुकास्पद होतेच. पण दारात उभ्या राहिलेल्या माणसांची आठवणही तितकीच जपायला हवी.

ज्युलियन ट्युडर हार्ट नावाचे एक डॉक्टर वेल्समधील खाणकामगारांच्या एका गावात वर्षानुवर्षे काम करत होते. चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जेथे जास्त, तेथे ती कमी मिळते, हे निरीक्षण त्यांनी १९७१ मध्ये मांडले. त्या वेळी ॲप नव्हते, संगणकही कोणाच्या टेबलावर नव्हता. म्हणजे उतार आधीपासूनच आहे. नवे तंत्र त्याच उतारावरून वाहते आणि ज्यांच्या रानात आधीच पाणी आहे त्यांच्याकडे आधी पोहोचते. तुम्ही तो उतार निर्माण केला नाही, म्हणून अपराधीपणाचे ओझे घेऊ नका. माळावर पाणी चढवायचे तर उपसा योजना करावी लागते, हे मात्र कोल्हापूरकराला वेगळे सांगण्याची गरज नसावी.

"लोक हळूहळू शिकतील" या तुमच्या आशेत तथ्य आहे, पण ते अर्धेच. ब्राझीलमधील सेझर व्हिक्टोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये असे मांडले की, आरोग्याची कोणतीही नवी सोय आली की ती आधी सुस्थितीतल्या लोकांपर्यंत पोहोचते, त्यामुळे दरी सुरुवातीला वाढते, आणि वरच्या थरात आणखी सुधारणेला फारशी जागा उरली नाही की मगच खालचा थर अंतर कापू लागतो. म्हणजे काळ मदत करतो, हे खरे. पण तोवर दुसरे नवे तंत्र येते आणि तीच शर्यत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आणि मधुमेही माणसाच्या तळपायाची जखम कोणाच्या शिकण्याची वाट पाहत नाही. ज्या आजींना ॲप शिकायला दोन वर्षे लागतील, त्यांच्या मूत्रपिंडाकडे ती दोन वर्षे शिल्लक आहेत का, असा हा प्रश्न आहे. हळूहळू शिकण्याची चैन ज्याचा आजारही हळूहळू चालतो त्यालाच परवडते.

आपल्या जिल्ह्याने तंत्रज्ञानाचा याहून कडवट धडा घेतलेला आहे. सोनोग्राफी आली ती आई आणि बाळ सुखरूप राहावे म्हणून. ऊस आणि दूध यांनी सुबत्ता आणलेल्या या जिल्ह्यात ती लवकर पोहोचली, आणि २००१ च्या जनगणनेत येथे सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८३९ मुली उरल्याचे दिसले. महाराष्ट्राने १९८८ मध्येच गर्भलिंगनिदानाविरुद्ध स्वतःचा कायदा केला होता, १९९४ मध्ये केंद्राचाही झाला. तरीही हे घडले. यंत्राला मुलगा-मुलगी असा भेद ठाऊक नव्हता, तो पाहणाऱ्यांच्या मनात होता, आणि यंत्राने त्या भेदाला फक्त डोळे दिले. पुढे २००९ च्या सुमारास तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या पुढाकाराने जिल्ह्यातल्या सोनोग्राफी यंत्रांना "सायलेंट ऑब्झर्व्हर" हे उपकरण जोडण्यात आले, जेणेकरून प्रत्येक तपासणीची नोंद मागे राहावी. म्हणजे ज्या प्रकारच्या साधनाने घाव घातला, त्याच प्रकारच्या साधनाने पहाराही देता आला. पण नोंद राहणे वेगळे आणि ती कोणीतरी रोज उघडून पाहणे वेगळे. पहाऱ्याची ताकद त्या पाहणाऱ्या माणसात असते, असे माझे ठाम मत आहे.

याच कारणासाठी तुमच्या नव्या सॉफ्टवेअरविषयी मला सर्वांत जास्त काळजी वाटते. कोणाला आधी बोलवावे हे ते आधीच्या भेटी आणि तपासण्या पाहून ठरवणार, असे तुम्ही लिहिले आहे. अमेरिकेतील रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या अशाच एका प्रणालीचा अभ्यास २०१९ मध्ये "सायन्स" या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोणाला जास्त देखभालीची गरज आहे हे ती प्रणाली त्या रुग्णावर पूर्वी किती खर्च झाला यावरून ठरवत असे. कृष्णवर्णीय रुग्णांवर मुळातच कमी खर्च होत आलेला असल्याने ते तितकेच किंवा जास्त आजारी असूनही यादीत खाली राहत. हा दोष दूर केला, तर जादा मदत मिळणाऱ्यांतील कृष्णवर्णीय रुग्णांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांनी दाखवून दिले. प्रणाली लिहिणाऱ्यांनी वंशाचा रकाना वापरलाच नव्हता. त्यांनी केवळ पैसा मोजला आणि त्यालाच आजार समजले.

तुमचे सॉफ्टवेअर भेटी मोजणार. जी बाई वर्षातून दोनदाच येते, तिची तपासणीही दोनदाच होते. ज्या गृहस्थाच्या घरी साखर मोजण्याचे यंत्र आहे, जो दर पंधरवड्याला आकडे पाठवतो, त्याच्या नोंदी शंभर. यंत्र कोणाला "लक्ष देण्याजोगा" म्हणेल? साखर मोजण्याचे यंत्र एकदा घेता येते, पण त्याच्या पट्ट्या दर महिन्याला घ्याव्या लागतात, आणि तिथेच गरिबाच्या नोंदी संपतात. म्हणून विक्रेत्याला करारापूर्वी एकच प्रश्न विचारा: ज्याची नोंद नाही त्याला तुमचे सॉफ्टवेअर बरा समजते की बेपत्ता समजते? त्याला नीट उत्तर देता आले नाही, तर ते घेऊ नका. तुम्ही स्वतः अभियंता आहात. "शेवटच्या भेटीला सर्वांत जास्त दिवस झालेला मधुमेही सर्वांत वर" अशी साधी यादी तुम्ही एका संध्याकाळी तयार करू शकाल, आणि माझ्या अंदाजाने ती त्या महागड्या यादीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

इतके सांगूनही, ॲप बंद करा असे मी म्हणणार नाही. वह्यांचा काळ न्यायाचा होता, ही समजूत मला मान्य नाही. मामांच्या ओळखीचा माणूस तेव्हाही आधी आत जात असेल. गगनबावड्याची बाई पहाटेच्या एस.टी.ने येऊन दुपारी दोनपर्यंत उपाशी बसत असेल. वहीतले पान भिजले की दहा वर्षांचा इतिहास पुसला जात असेल. नवे साधन दरी वाढवतेच असेही नाही; काही साधनांनी ती झपाट्याने बुजवलेली आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज यांचे पाणी आप्तांच्या हातानेच रुग्णांना पाजायला लावले, आणि सुमारे ३० टक्क्यांपर्यंत गेलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी जे साधन केले, ते तर मला फार जवळचे वाटते. सुइणींना बारापर्यंतच मोजता येत होते, म्हणून त्यांनी लाकडी पट्टीवर मणी ओवले आणि सोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ दिले. दर दहा श्वासांनंतर एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर बाळाला न्यूमोनिया समजायचा. बाईला जेवढे येते, तेथून ते साधन सुरू झाले. "आधी तू शंभरपर्यंत मोजायला शीक" असे तिला कोणी म्हटले नाही.

हीच फूटपट्टी मी तुमच्या ॲपला लावेन. सरकारच्या ई-संजीवनी सेवेतही मला तिचा चांगला नमुना दिसतो. गावातल्या उपकेंद्रात आरोग्य अधिकारी रुग्णाशेजारी बसून पडद्यावरच्या डॉक्टरशी बोलणे करून देतात तेव्हा रुग्णाला काहीच शिकावे लागत नाही आणि गाडीभाडे व बुडणारा रोजगार दोन्ही वाचतात. तीच सेवा रुग्णाने घरी एकट्याने, स्वतःच्या फोनवर वापरावी असे म्हटले की मात्र ती पुन्हा ज्याला फोन सरावाचा आहे त्याच्यासाठीच उरते. तंत्र तेच राहते. बाजूला खुर्ची टाकून बसणारे माणूस काढून घेतले की ते गरिबाच्या उपयोगाचे राहत नाही.

दसरा चौकातून जाताना जुन्या बोर्डिंगांच्या इमारती तुम्ही रोज पाहत असाल. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात शिक्षणाची सोय नव्हती असे नाही. हायस्कूल होते, राजाराम कॉलेजही होते. त्यांचे दरवाजे खेड्यातल्या पोरासाठी कागदावर तरी बंद नव्हते. पण त्या पोराला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण नव्हते, आणि म्हणून १९०१ पासून महाराजांनी एकामागून एक वसतिगृहे उभी केली व करवली. शाळेचे दार उघडे असणे आणि त्या दारापर्यंत पोहोचता येणे यांतला फरक त्यांनी ओळखला होता. तुम्ही शाळा बांधली आहे, आणि ती चांगली आहे. आता तुमच्या दवाखान्याचे बोर्डिंग बांधायचे आहे.

त्याची सुरुवात रविवारपासून करा, असा माझा आग्रह आहे. लक्ष्मीपुरीच्या आठवडी बाजाराला येणारा माणूस रविवारी दवाखान्यात येत असे, कारण बाजार आणि औषध एकाच गाडीभाड्यात होत असे. तो कधी वेळ ठरवून आलाच नव्हता, मग ॲपवर त्याची नोंद कशी दिसणार? नोंदणी नाही म्हणून तुम्ही दार बंद केले, आणि दार बंद झाल्यावर ती माणसे नाहीतच, हे नोंदीने जणू सिद्ध केले. रविवारी सकाळचे तीन तास पुन्हा उघडा, त्या दिवशी ॲपवर नंबरच ठेवू नका, जो येईल त्याला त्याच्या क्रमाने पाहा. सासऱ्यांना दर रविवार जड जात असेल तर महिन्यातले दोन ठरवा, पण ते ठरलेले असू द्या आणि दारावर मोठ्या अक्षरांत लिहा. इतर दिवशीही काही वेळा प्रत्यक्ष येणाऱ्यांसाठी राखून ठेवा, विशेषतः सकाळच्या एस.टी. गाड्या पोहोचल्यानंतरच्या. किती राखाव्यात हे मामा तुम्हाला माझ्यापेक्षा अचूक सांगतील. त्यांच्या टेबलावर ॲप उघडून द्या आणि एक साधा फोन नंबर ठेवा, ज्यावर मिस्ड कॉल आला की मामा उलट फोन करून नंबर लावतील. रांग एकच राहील; तिच्यात शिरण्याच्या वाटा मात्र तीन होतील.

नंबराच्या रकान्याशेजारी "हा फोन कोणाचा?" आणि "रिपोर्ट यावर पाठवू का?" हे दोन प्रश्न घाला, आणि ते रुग्णालाच विचारा, सोबत आलेल्याला नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही संमतीला मध्यवर्ती स्थान दिले आहे. पण कायदा नसता तरी हे विचारणे सभ्यपणाचे होते. ज्याला कागद हवा त्याला छापील रिपोर्ट मिळालाच पाहिजे, पुढच्या भेटीची तारीख आणि वार मोठ्या अक्षरांत, आणि गोळ्यांच्या पाकिटावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य व चंद्र. आठवणीचा लेखी संदेश वाचता न येणाऱ्याला बोललेला संदेश पाठवा, आणि तो मामांच्या आवाजात, त्यांच्या बोलीत असू द्या. "प्रिय ग्राहक" ऐकून फोन ठेवणारी माणसे मामांचा आवाज ऐकून थांबतील. आभा, म्हणजे आयुष्मान भारत आरोग्य खात्याच्या, क्रमांकाबाबतही सांगतो, कारण तुम्ही पुढे त्याचा विचार कराल: तो चौदा अंकी क्रमांक उपयोगी आहे, पण ऐच्छिक आहे, आणि तो नाही म्हणून कोणालाही दारातून परत पाठवता कामा नये.

ज्यांचा दवाखाना नाही, पण ज्यांनी हे पत्र वाचताना आपल्या घरातले कोणीतरी आठवले, अशा वाचकांसाठीही थोडे. चंदगडला आई आणि पुण्यात मुलगा अशी घरे आता कितीतरी आहेत. आईच्या सगळ्या नोंदी मुलाच्या फोनवर असतात आणि रात्री छातीत दुखू लागले की तिला उचलून नेणाऱ्या शेजाऱ्यापाशी एकही कागद नसतो. प्लास्टिकच्या पिशवीतली ती जुनी फाइल फेकू नका. चालू औषधांची यादी, मागचा ईसीजी आणि शिधापत्रिकेची प्रत तिच्यात ठेवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका आणि ओळखीचा पुरावा लागतो. योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात; ऑनलाइन माहिती शोधण्यात तासभर घालवण्याआधी त्यांना गाठा. थोरल्या दवाखान्यात, म्हणजे कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात, पहिल्यांदा जाणाऱ्या माणसासोबत शक्य असेल तर एकदा तुम्ही स्वतः जा. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंचा नंबर तुमच्या फोनवरून लावून देणे हे चांगलेच आहे. पण त्यांचा रिपोर्ट तुमच्या फोनवर आला की तो उघडण्याआधी त्यांना विचारा.

आता तुमच्या घरातल्या वादाविषयी. पती चुकीचे आणि मामा बरोबर, असा निकाल मी देणार नाही, कारण आज तुमच्या घरात कोणालाच खात्रीने ठाऊक नाही. ती माणसे कमी झाली आहेत असे मामांना वाटते. ती खरोखर कमी झाली का, आणि ॲपमुळेच का, हे अजून कोणी मोजलेले नाही. कदाचित एखादी एस.टी. बंद झाली असेल, गावात नवा डॉक्टर आला असेल, काहीजण सीपीआरला जाऊ लागले असतील, काही वारले असतील. म्हणून ॲपच्या आधीच्या शेवटच्या वर्षाच्या वह्या माळ्यावरून खाली काढा. एका रविवारी दुपारी दवाखाना आटोपल्यावर सासरे, मामा, पती आणि तुम्ही चहा घेऊन बसा. मामांनी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांची नावे गावासकट एकेक वाचावीत, तुम्ही ती संगणकात शोधावीत. गेल्या सहा महिन्यांत जे आले नाहीत त्यांच्या नावाला पतीने लाल खूण करावी, कारण आपल्या हाताने केलेली खूण माणूस विसरत नाही. मग त्या लाल नावांना फोन करा. ज्यांचा फोन लागणार नाही त्यांच्या गावच्या आशाताईंकडे रुग्णाच्या आजाराचा बोभाटा न करता फक्त निरोप द्या, "डॉक्टरांनी विचारलंय, रविवारी दवाखाना पुन्हा उघडा आहे."